उंबरठ्याच्या आत पाऊल टाकताना

(रुग्णवाहिका व रुग्णालयांचे अपघात विभाग येथे सेवा करणाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गातील समारोपाच्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रात्रीचे दोन वाजलेले असतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या छातीत कळ येते, मुलगा १०८ क्रमांक फिरवतो आणि काही वेळाने गणवेशातील दोन अनोळखी माणसे दारात उभी राहतात. एरवी ज्या घरात आलेल्याला बाहेरच्या खोलीत बसवून आधी पाणी विचारले जाते, त्या घराची सारी दारे त्या क्षणी सताड उघडतात. अनोळखी माणसे थेट झोपण्याच्या खोलीत जातात, वडिलांच्या सदऱ्याची बटणे काढतात, आईला आजार, औषधे, व्यसन यांविषयी प्रश्न विचारतात आणि ती माउली काही न लपवता सारे सांगून टाकते. कोणी त्यांना नाव विचारत नाही, कोणी प्रमाणपत्र मागत नाही.

एवढा विश्वास समाज अन्य कोणावर क्वचितच टाकतो. एरवी रुग्ण चार जणांना विचारून आपला डॉक्टर निवडतो, पटले नाही तर उठून दुसरीकडे जातो. स्ट्रेचरवरच्या माणसाला मात्र निवडही करता येत नाही आणि उठून जाताही येत नाही. त्याचा विश्वास सेवकाने कमावलेला नसतो, संकटाने तो सेवकाच्या ओंजळीत टाकलेला असतो. म्हणून ती ठेव आहे. प्राण ही त्या ठेवीतील पहिली वस्तू. पण प्राणांसोबत रुग्णाची लज्जा, त्याच्या घरातील गुपिते आणि त्याची समाजातील पतही सेवकाच्या हाती आलेली असते. प्राण वाचवले आणि बाकीचे सारे उधळून टाकले, तर ठेव परत केली असे म्हणता येणार नाही.

चरकाचार्यांचा दंडक

हा विचार आपल्या देशाला नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यकाच्या विद्यार्थ्याने दीक्षेच्या वेळी पाळावयाचे नियम सांगितले आहेत. वैद्याने रुग्णाच्या घरात कसे जावे, याचे तेथील विवेचन आजच्या रुग्णवाहिकेच्या सेवकासाठीच लिहिले असावे असे वाटते. घरच्यांना ठाऊक असलेल्या आणि प्रवेशाची अनुमती असलेल्या माणसासोबत आत जावे, वेश नीटनेटका असावा, मस्तक विनयाने लवलेले असावे. आत गेल्यावर वाणी, मन, बुद्धी आणि इंद्रिये रुग्णाच्या हिताखेरीज अन्यत्र भरकटू देऊ नयेत. त्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत. रुग्णाचे आयुष्य सरत आल्याचे कळले, तरी ज्या ठिकाणी ते सांगितल्याने रुग्णाला वा दुसऱ्या कोणाला धक्का बसेल, तेथे ते उच्चारू नये.

याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रुग्ण. परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत : शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी स्नेह आणि शुचिता. यातील पहिले दोन गुण प्रशिक्षण वर्गात शिकवता येतात, परीक्षा घेऊन मोजताही येतात. उरलेल्या दोन गुणांची परीक्षा बंद दाराच्या धावत्या वाहनात होते, आणि तेथे परीक्षक नसतो.

रुग्ण ऐकत असतो

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. ९३७ रुग्णवाहिकांची योजना होती. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या आणि ७०४ मूलभूत साधनांच्या. वाहनात डॉक्टर असावा, ही या सेवेची विशेष रचना. प्राणवायू, हृदयाच्या आलेखाचे यंत्र, रक्तस्राव थांबवण्याची साधने यांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु भेदरलेल्या रुग्णाला सर्वप्रथम मिळणारा उपचार सेवकाच्या तोंडचे पहिले वाक्य हाच असतो.

स्वतःचे नाव सांगावे. रुग्णाला वयानुसार काका, मावशी, आजी अशी हाक मारावी, नाव कळले तर नावाने बोलावे. ‘ती हार्टवाली केस’, ‘तो फ्रॅक्चर’ असा उल्लेख रुग्णाच्या कानावर पडू नये. सुई टोचण्यापूर्वी, कपडा कापण्यापूर्वी, मान हलू नये म्हणून पट्टा लावण्यापूर्वी काय करणार हे दोन शब्दांत सांगावे. शुद्धीवर असलेल्याची संमती घ्यावी. त्याने नकार दिला तर कारण समजून घ्यावे, धोका समजावून सांगावा. हात धरून ओढू नये. शुद्ध हरपलेल्या रुग्णालाही ऐकू येत असण्याची शक्यता असते. त्याच्या उशाशी बसून ‘आता काही खरे नाही’ असे म्हणणे, चालकाशी क्रिकेटच्या गप्पा मारणे किंवा रजेचे रडगाणे गाणे ही त्याच्या असहायतेची चेष्टाच होय.

सर्वांत कठीण प्रसंग नातेवाइकांच्या प्रश्नाचा असतो. ‘वाचतील ना हो?’ असे विचारले की उत्तर काय द्यायचे? ‘काही होणार नाही’ हे खोटे वचन ठरू शकते, आणि रस्त्यात शेवटचा निकाल देणे हे सेवकाचे काम नाही. अशा वेळी जे घडते आहे तेच सांगावे. प्रकृती गंभीर आहे, प्राणवायू चालू आहे, रुग्णालयाला कळवले आहे, इतक्या वेळात पोहोचू. भयभीत माणसाला आशेपेक्षाही आधाराची गरज असते, आणि खरे बोलणाऱ्याचाच आधार वाटतो.

देहाची लज्जा

जखम तपासायची तर देह उघडावा लागतो. पण जेवढा भाग तपासायचा तेवढाच, आणि तपासून झाला की लगेच चादर. अपघाताच्या ठिकाणी बघ्यांचे कडे असते. तेथे दोन माणसांनी चादर धरून आडोसा केला, तर उपचाराचा एक क्षणही वाया जात नाही. प्रसूतीच्या वेणा सुरू असलेल्या भगिनीजवळ तिची सासू, आई किंवा आशा सेविका असावी. स्त्री रुग्ण एकटी असेल तर शक्यतो एक स्त्री सोबतीला घ्यावी. हा नियम रुग्णाचे रक्षण करतो आणि निर्दोष सेवकालाही खोट्या आरोपापासून वाचवतो.

नियम सुटला की काय होते, हे २०२० च्या सप्टेंबरमध्ये केरळात दिसले. कोरोनाची लागण झालेल्या दोन महिलांना घेऊन एक रुग्णवाहिका निघाली. वाहनात चालकाखेरीज दुसरा सेवक नव्हता. चालकाने एका महिलेला आधी उतरवले आणि दुसऱ्या तरुणीवर वाहनातच अत्याचार केला. २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. गुन्हेगाराला शिक्षा झाली, परंतु त्यानंतर रात्री मुलीला रुग्णवाहिकेत बसवताना किती आईबापांचे पाय अडखळले असतील! एकाचे पाप हजारो प्रामाणिक सेवकांच्या गणवेशावर डाग पाडून जाते.

समोर कोण आहे?

इ.स. १७०४ च्या सुमारास आनंदपूर साहिबच्या लढाईत भाई कन्हैया रणांगणात पाण्याची मशक घेऊन फिरत असत आणि घायाळ शीख सैनिकासोबत घायाळ मोगल सैनिकालाही पाणी पाजत. तक्रार गुरू गोविंदसिंहांपर्यंत गेली. आपल्याला शत्रू-मित्र दिसतच नाहीत, सर्वांत गुरूच दिसतात, असे भाईंनी सांगितले. गुरूंनी रागावण्याऐवजी त्यांच्या हाती मलम दिले आणि जखमांना तेही लावण्यास सांगितले, अशी शीख परंपरा आहे. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डॉमिनिक लॅरे यांनी जखमींना वेगाने हलवणाऱ्या घोडागाड्या सुरू केल्या. हुद्दा आणि राष्ट्र न पाहता ज्याची जखम अधिक गंभीर त्याच्यावर आधी उपचार, हा त्यांचा दंडक होता. आजच्या अपघात विभागातील अग्रक्रमाची पद्धत त्याच वाटेने आली आहे.

रणांगण आज रस्त्यावर आणि वस्तीत आहे. दारू पिऊन पडलेला, अंगाला दुर्गंधी येणारा, पोलिसांनी बेड्या घातलेला, पैसा नसलेला, नावावरून जात किंवा धर्म कळलेला अशा प्रत्येकासमोर सेवकाची कसोटी लागते. दारूचा वास आला म्हणून ‘प्यायलाय, उतरेल’ असे म्हणून सोडून दिलेल्या माणसाच्या मेंदूत रक्तस्राव असू शकतो, किंवा त्याची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलेली असू शकते. तिरस्काराने केलेले निदान नेहमी अपुरे असते. विष घेतलेल्या मुलीला ‘कशाला केलेस हे?’ म्हणून दरडावणारा सेवक तिला पुन्हा त्याच अंधारात ढकलतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरले आहे. त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्याने बाधित रुग्णाशी भेदभाव करण्यास आणि त्याची माहिती फोडण्यास मनाई केली आहे.

दुसऱ्याच्या डोळ्यांनी रुग्ण पाहणे किती घातक ठरते, याचे उदाहरण अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात घडले. ऑगस्ट २०१९ मध्ये एलायजा मॅक्लेन नावाच्या २३ वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी घरी जाताना अडवून जखडले होते. तेथे आलेल्या आरोग्यसेवकांनी त्याची नीट तपासणी न करताच गुंगीचे इंजेक्शन टोचले. सुमारे ६५ किलो वजनाच्या त्या तरुणाला ९० किलोंच्या माणसाची मात्रा दिली गेली. त्याचे हृदय बंद पडले आणि काही दिवसांनी तो मरण पावला. डिसेंबर २०२३ मध्ये दोघा आरोग्यसेवकांना निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. पोलीस, जमाव, नातेवाईक काहीही सांगोत. नाडीवर बोट सेवकानेच ठेवायचे असते.

खिशातला कॅमेरा

चरकाचार्यांनी घरातील गोष्ट बाहेर बोलू नये असे सांगितले, तेव्हा खिशात कॅमेरा नव्हता. आज अपघाताचे छायाचित्र रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी गावभर पोहोचते. २०२० च्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळ हेलिकॉप्टर कोसळून बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्यांची मुलगी आणि आणखी सात जण मरण पावले. मृतांची छायाचित्रे तेथील पोलीस व अग्निशमन दलाच्या काही लोकांनी काढून एकमेकांना पाठवली. २०२२ मध्ये ज्यूरीने दोन कुटुंबांना मिळून ३ कोटी १० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली, आणि कॅलिफोर्निया राज्याने त्याआधीच विनाकारण अशी छायाचित्रे काढणे हा गुन्हा ठरवला होता. भरपाईचा आकडा मोठा आहे, पण पतीचा आणि मुलीचा छिन्न देह कोणाच्या तरी फोनमध्ये आहे या जाणिवेने जगणाऱ्या बाईचे दुःख कोणत्याही आकड्यात मावणार नाही. मृताला लाज नसते असे समजू नये. त्याची लाज त्याच्या घरात जिवंत असते.

ऐवज आणि लोभ

मंगळसूत्र, पाकीट, घड्याळ, फोन. बेशुद्ध माणसाच्या अंगावरील प्रत्येक वस्तू साक्षीदारासमोर उतरवून, नोंद करून, अपघात विभागातील परिचारिकेच्या किंवा पोलिसांच्या स्वाधीन करावी आणि पोच घ्यावी. १०८ ची सेवा विनामूल्य आहे. चहापाण्याच्या नावाने हात पुढे करणे म्हणजे बुडत्याकडे भाडे मागणे होय. त्याहून मोठे पाप म्हणजे ‘कट’ मिळतो म्हणून जवळचे योग्य रुग्णालय सोडून दूरचे खासगी रुग्णालय गाठणे. या फेऱ्यात गेलेली मिनिटे रुग्णाच्या आयुष्यातून वजा होतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात जखमीवर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले, मग तो सरकारी असो वा खासगी. पोलिसी सोपस्कार नंतर. त्या खटल्यामागची घटना साधीच होती. अपघातात सापडलेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने दाखल न करता सुमारे २० किलोमीटर दूर धाडले आणि वाटेतच त्याचा अंत झाला.

समाजाचेही देणे आहे

एकट्या सेवकाकडून सारे मागणे अन्यायाचे होईल. हा सेवक जेवणाच्या वेळी जेवत नाही, सणाला घरी नसतो, एका पाळीत मृत्यू आणि जन्म दोन्ही पाहतो. वाहन वाहतुकीत अडकले तरी शिव्या त्यालाच. त्याच्यावर हात उगारणे हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार अजामीनपात्र गुन्हा आहे, तरीही हात उगारले जातात. त्याची पाळी मर्यादेत असावी, वेतन वेळेवर मिळावे, मनावरील भार हलका करण्याची सोय असावी. थकलेल्या आणि अपमानित माणसाकडून मृदुपणाची अपेक्षा करणाऱ्यांनी आधी त्याला थोडा मृदुपणा द्यायला हवा. नागरिकांनी वाहनाला वाट द्यावी, गर्दी हटवावी, फोन खिशात ठेवावा. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने पाठ फिरवण्याचे कारण उरलेले नाही.

अखेर प्रश्न एवढाच राहतो. पहाटे रुग्णवाहिका परत जाते. घरातील माणसे वाचलेल्या वडिलांना, किंवा क्वचित वडिलांचा देह, घेऊन घरी येतात. सेवकाचे नाव त्यांना बहुधा आठवत नाही. पण त्याने वडिलांच्या अंगावर चादर ओढली होती, आईला ‘मावशी, सांभाळून’ म्हणत हात देऊन पायरी उतरवली होती, एवढे त्या घरात अनेक वर्षे सांगितले जाते. प्राण वाचणे नेहमी सेवकाच्या हाती नसते. चादर ओढणे मात्र नेहमीच त्याच्या हाती असते.