स्वयंपाकघरांतील टाकाऊ साली व चामड्याचा रंग

डाळिंब सोललें कीं दाणे ताटांत जातात व साल उकिरड्यावर जाते. कांदा चिरतांना निघणारीं तांबूस टरफलें तर कोणी हिशेबांतच धरीत नाहीं. परंतु ह्या दोहोंतही रंग आहे, आणि तो कापडाप्रमाणेंच चामड्यालाही चढतो.

ह्याचें कारण चामड्याच्या घडणींत आहे. कोल्हापुरी वहाणेसाठीं कातडें बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावितात. त्यांतील टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना घट्ट बिलगतें व कातडें कुजण्याचें थांबतें. डाळिंबाच्या सालींतही टॅनिन विपुल असतें. म्हणून तिचा रंग अशा चामड्यावर सहज बसतो. कांद्याच्या टरफलांत क्वेर्सेटिन हें पिवळें द्रव्य असतें. तें तुरटीच्या साहाय्यानें धरतें.

कृति साधी आहे. वाळलेल्या साली चामड्याच्या वजनाइतक्या घ्याव्या, दसपट पाण्यांत तासभर उकळाव्या, व पाणी गाळून कोमट होऊं द्यावें. साध्या पाण्यांत आधीं भिजविलेलें चामडें मग त्यांत कांहीं तास ठेवावें व मधून मधून हालवावें. कढत पाणी मात्र कदापि वापरूं नये. सालींनीं कमावलेलें चामडें सुमारें ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसून निकामी होतें. रंगविलेलें चामडें सावलींत वाळवावें व ओलसर असतांनाच त्यास थोडें तेल चोळावें. डाळिंबानें पिवळसर तपकिरी, तर कांद्यानें सोनेरी छटा येते. काळा रंग हवा असल्यास हिराकस घातलेलें अगदीं पातळ पाणी पुरतें; लोह व टॅनिन ह्यांच्या संयोगानें काळेपणा येतो. लोह अधिक झाल्यास मात्र चामडें ठिसूळ होतें.

एवढ्या खटाटोपाचें प्रयोजन काय? १८५६ मध्यें विल्यम पर्किन ह्यानें डांबरांतील द्रव्यापासून जांभळा रंग बनविला, आणि पुढें स्वस्त व एकसारखे कृत्रिम रंग बाजारांत आले. ते सर्वच अपायकारक नाहींत. परंतु ॲझो वर्गांतील कांहीं रंगांपासून कर्करोगजनक द्रव्यें सुटतात, म्हणून युरोपीय संघानें २००२ मध्यें कापड व चामडें ह्यांसाठीं त्यांवर निर्बंध घातला. रोज रंगांत हात घालणाऱ्या कारागिराला असा धोका गिऱ्हाइकाहून अधिक असतो.

सालींच्या रंगांतही उणिवा आहेत. कांद्याचा रंग उन्हानें फिकटतो, आणि एका खेपेची छटा दुसऱ्या खेपेस हुबेहूब उतरत नाहीं. २०१९ मध्यें कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळालें. महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार जिल्हे त्यांत येतात. तेथील कारागिरानें सालींकडे वळावें असें वाटत असेल, तर प्रथम गिऱ्हाइकाची नजर बदलावयास हवी. प्रत्येक जोड तंतोतंत एकाच रंगाचा हवा, असा हट्ट दुकानांत धरला, तर कारागीर आयत्या रंगाची पुडीच उघडणार. थोडी कमीअधिक छटा चालेल, एवढें गिऱ्हाइकानें म्हटलें, तरी त्याला सालींचा प्रयोग करून पाहण्यास धीर येईल.