वृद्धाश्रमातील दुपार



चोपड्याहून शिवोलीला जाण्यासाठी पूल नव्हता, तेव्हा शापोरा नदीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत थांबावे लागे. त्या थांबण्यात वेळ जाई खरा. पण ज्यांना कोठेच जायचे नसे, अशा म्हाताऱ्यांना बोलायला माणूस मिळे. कोणाच्या मुलाची मुंबईहून मनिऑर्डर आली, कोणाच्या कुळागरात सुपारी गळाली, यंदाच्या जत्रेला कोणते दशावतारी मंडळ येणार, याची सगळी खबर धक्क्यावरच लागे. या शतकाच्या आरंभी पूल झाला आणि पेडणे-बार्देशचे अंतर मिटले. पुलाची सोय कोणी नाकारणार नाही. मात्र पुलावरून जाणारे वाहन म्हाताऱ्यासाठी थांबत नाही, हेही तितकेच खरे.

तरुण मुंबईला गेले, मग आखातात गेले, पुढे पोर्तुगालच्या पारपत्रावर विलायतेलाही गेले. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील माणसे शंभरांत साडेआठच्या आसपास होती. गोव्यात ती अकरांवर गेली होती. ज्यांच्या घरात मागे कोणी उरले नाही, त्यांतील काहींच्या नशिबी वृद्धाश्रम आला. निराश्रितांना आसरा देण्याची रीत गोव्याला नवी नाही. पोर्तुगीज अमदानीतील ‘प्रोव्हेदोरिया’ ही संस्था मुक्तीनंतरही टिकली आणि तिच्या वतीने गोव्यात ठिकठिकाणी वृद्धनिवास चालत आले. २००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा केला. प्रत्येक जिल्ह्यात दीडशे माणसांची सोय होईल असा किमान एक आश्रम असावा, असे त्यात म्हटले आहे आणि वैद्यकीय सेवेबरोबर ‘मनोरंजनाची साधने’ असावीत असाही उल्लेख आहे. कायद्याला हे सुचले, हे चांगलेच झाले. आजचा विषय मात्र त्या ‘मनोरंजन’ शब्दापाशीच अडखळतो.

मनोरंजन म्हणजे काय? बहुतेक ठिकाणी दिवाणखान्यात एक दूरदर्शन संच असतो आणि पहाटेपासून ध्वनिवर्धकावर भक्तिगीते चालू असतात. ती बंद करण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला नसतो. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठांच्या जागतिक दिनी, एखादे मंडळ फळे घेऊन येते. रहिवाशांना रांगेत बसवतात, हातात केळी-सफरचंदे ठेवतात, छायाचित्र घेतात. देणाऱ्यांचा हेतू शुद्धच असतो. पण त्या छायाचित्रात म्हातारे हात केवळ घेण्यासाठी पुढे झालेले दिसतात, आणि ज्या हातांनी साठ वर्षे भात लावले, जाळी विणली, झावळ्यांचे झाप वळले, त्या हातांना ते लाजिरवाणे वाटत असणार.

या संदर्भात १९७६ साली अमेरिकेतील एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी केलेला प्रयोग सांगण्याजोगा आहे. कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धनिवासाचे दोन मजले त्यांनी निवडले. एका मजल्यावर व्यवस्थापकाने रहिवाशांना सांगितले की, खोली कशी लावायची, कोणाला भेटायचे, तक्रार काय करायची, हे तुम्ही ठरवा. हवे असल्यास एक रोपटे निवडा आणि त्याला पाणी घाला. चित्रपट कोणत्या संध्याकाळी पाहायचा तेही तुम्हीच सांगा. दुसऱ्या मजल्यावरही तितक्याच गोड शब्दांत बोलणे झाले, रोपटीही मिळाली. पण पाणी परिचारिका घालतील, चित्रपटाची वेळ आम्ही कळवू, तुम्ही निश्चिंत असा, असे सांगण्यात आले. तीन आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरील माणसे अधिक हिंडती-फिरती आणि आनंदी दिसू लागली. दीड वर्षाने पाहिले तेव्हा त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण शंभरी पंधरा होते, दुसऱ्या मजल्यावर तीस. मूळची संख्या लहान होती, म्हणून मृत्यूच्या आकड्यांवर मोठा सिद्धान्त उभारू नये. पुढे त्यांच्या गणितावर शंकाही निघाल्या. परंतु पाणी कोणी घालायचे, या एवढ्याशा प्रश्नात माणसाची किती प्रतिष्ठा दडलेली असते, हे त्या प्रयोगाने दाखवले. आपल्याकडे तर अंगणातल्या तुळशीला पाणी घालणारी बाई आश्रमात आली की तुळशीचे पाणीही माळ्याकडे जाते!

पेडण्यात आणि डिचोलीत या गोष्टीसाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. चवथीची माटोळी घ्या. नारळ, सुपारीची शिपटी, आंबाडे, तोरिंजण, कवंडळ, कांगणे अशी रानातली आणि कुळागरातली किती फळे त्या चौकटीला बांधायची असतात! कोणते फळ कोणत्या डोंगराच्या कुशीत मिळते, कोणते विषारी, कोणते औषधी, हे आज बहुतेक घरांतील मुलांना ठाऊक नाही. ते ठाऊक असलेली माणसे आश्रमाच्या व्हरांड्यात बसलेली आहेत. शाळेतील मुलांनी श्रावणाच्या अखेरीस त्यांच्याकडे जावे, फळे दाखवून नावे विचारावीत, आणि आश्रमाची माटोळी त्यांच्या सांगण्यावरून बांधावी. चुकले तर त्यांनी रागावावे. रागावण्याचा हक्क परत मिळणे हीही वृद्धापकाळी मोठी मिळकत आहे.

दशावताराचेही तसेच. त्याला लिहिलेली संहिता नसते, संवाद जागच्या जागी सुचावे लागतात. ज्याने उमेदीत शंकासुर किंवा संकासुराला धाक घालणारा विष्णू उभा केला, त्याचे पाय थकतात. वाणी सहसा थकत नाही. बायकांपाशी फुगडीची आणि धालोची गाणी, जात्यावरच्या ओव्या आहेत. घुमटाची गोष्ट थोडी निराळी. त्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत, वन्यजीव कायद्याने ते बंद झाले, आता बकऱ्याचे चढवतात. २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. जुना वादक नव्या कातड्याचा आवाज ऐकून नाक मुरडील, पण नाक मुरडीत का होईना, वाजवून दाखवील.

गोव्याच्या आश्रमात भजन म्हणणारी आणि लदाइन म्हणणारी माणसे एकाच ओसरीवर असतात, याचाही विसर पडू नये. एकाचा उपक्रम दुसऱ्यावर लादला की तो उपक्रम राहत नाही. आणि ज्याला काहीच करायचे नाही, नुसते झाडाखाली बसायचे आहे, त्याला तसे बसू द्यावे. उत्साही कार्यकर्त्यांना हे सर्वांत कठीण जाते.

आता ग्रंथालयाकडे येऊ. वृद्धत्वाचे दुःख मराठी वाचकाला पुस्तकांतून आणि रंगभूमीवरून चांगले परिचित आहे. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ आणि तेरेखोलपलीकडच्या आरवलीच्या जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ या दोन नाटकांनी सत्तरच्या दशकात प्रेक्षकांचे डोळे ओले केले. घरोघरी ती वाचली गेली, गावोगावी उत्सवांतून उभी राहिली. पण नाट्यगृहातून डोळे पुसून बाहेर पडणे आणि आठवड्यातून एक दुपार कोणा परक्या म्हाताऱ्यापाशी बसणे, यांत फार अंतर आहे.

दुपारच म्हणायची, कारण आश्रमात सकाळ आंघोळ, न्याहारी आणि औषधांत निघून जाते, संध्याकाळी दिवेलागणीची प्रार्थना असते; जेवणानंतरचे तीन तास मात्र संपता संपत नाहीत. त्या वेळी वाचून दाखवणारा माणूस हवा. केवळ पुस्तकांची पेटी पाठवून भागणार नाही. गोवा १९६१ साली मुक्त झाला आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आज ऐंशीच्या पुढे असलेली स्त्री त्या वेळी शाळेच्या वयाची राहिली नव्हती. अनेकींचे लग्नही झाले होते. त्यांच्या धाकट्या भावंडांना जे अक्षर मिळाले, ते त्यांच्या हाती आलेच नाही. अशा बाईला वाचनाची गोडी नसते असे मानणे चूक आहे. तिने देवळात पोथ्या आणि पुराणे ऐकली आहेत, रात्रभर जागून नाटके पाहिली आहेत. ‘पुढे काय झाले?’ हे विचारणारे कान तिच्यापाशी शाबूत आहेत. ज्यांना वाचता येते पण मोतीबिंदूने दिसत नाही, त्यांचेही हेच.

वाचकाने दर आठवड्याला ठरल्या वारी जावे. एकदा जाऊन चार आठवडे न जाणे हे मुळीच न जाण्यापेक्षा वाईट; तिकडे कोणीतरी दाराकडे पाहत बसलेले असते. पुस्तक रहिवाशांनी निवडावे. त्यांना ऐतिहासिक कादंबरी हवी असेल तर नवकवितेचा आग्रह धरू नये. त्यांना ‘आजी’, ‘आजोबा’ असे सरसकट म्हणण्याऐवजी गावात ज्या नावाने हाक मारीत, त्या नावाने हाक मारावी. कोणी मास्तर असेल, कोणी बुवा, कोणी नुसती अमक्या घरची थोरली. मध्येच कोणाला स्वतःची गोष्ट आठवली तर पुस्तक मिटून ती ऐकावी, आणि त्यांची संमती असेल तर उतरवून घ्यावी. अशा दहा-वीस वह्या भरल्या, तर त्यांना ग्रंथालयाच्या कपाटात दाखल-क्रमांक द्यावा.

शतसांवत्सरिक वर्षात या ग्रंथालयाने आश्रमातील रहिवाशांना सभासद करून घ्यावे. मोफत नव्हे. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे निवृत्तिवेतन ज्यांना मिळते, त्यांना माफक वर्गणी जड होणार नाही, आणि वर्गणी भरणारा माणूस उशिरा आलेल्या पुस्तकाबद्दल हक्काने तक्रार करू शकतो. सभासद झाले म्हणजे वार्षिक सभेची सूचनाही त्यांना जाईल आणि काहीजण खरोखरच येतील. ग्रंथालयाला पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. चाकांची खुर्ची वर कशी चढणार, हे कार्यकारिणीने त्या सूचनेवर सही करण्यापूर्वी पाहावे.