दांड्याचा शेंडा बघा

वेळ थोडा आहे, म्हणून थेट सांगते. कोरफडीला आलेला फुलांचा दांडा कापू नका.

परवा निर्मळला एका ओळखीच्या घरी गेले, तर काकू कात्री घेऊन कुंडीपाशी उभ्या. “खालची फुलं वाळली गं, आता काय ठेवायचा दांडा?” म्हणाल्या. मी त्यांचा हातच धरला. कोरफड खालून वर फुलत जाते. लग्नातल्या पंगतीसारखी. पहिली पंगत उठली, पानं उचलली, म्हणून कोणी मांडव सोडतं का? वर दुसरी बसलेली असते, तिसरी हात धुऊन ताटकळत असते. दांड्याच्या शेंड्याकडच्या हिरवट कळ्या म्हणजे ही तिसरी पंगत. उमललं की फूल खाली मान घालतं, पिवळी नळी लोंबते आणि मध तयार असतो.

जेवायला येतो शिंजीर, म्हणजे आपला सूर्यपक्षी. जेमतेम दहा सेंटिमीटरचा जीव. तो दांड्यालाच धरून बसतो आणि बाकदार चोच खालून नळीत घालतो. हवेत तरंगत मध पिणं त्याला फार वेळ जमत नाही, बसायला आधार लागतो. म्हणजे दांडा हे ताटही आहे आणि पाटही. तो कापलात की दोन्ही गेलं.

कोरफड मूळची अरबस्तानाकडची, पण आपल्या शिंजिराने ती कधीच आपलीशी केली. फुलं आणि पक्षी यांच्या या नात्यावर पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९३२ मध्येच मोठा लेख लिहिला होता.

कोणी म्हणतील, बी तर धरत नाही, मग फुलं कशाला? खरं आहे, आपल्याकडे कोरफड वाढते ती बुडाशी फुटणाऱ्या पिल्लांवर. आणि पानं विकणाऱ्या शेतकऱ्याने दांडा काढला तर मी समजू शकते. पण विरारच्या गॅलरीतली एक कुंडी, आगाशीच्या अंगणातलं एक झाड? तिथे कशाची घाई आहे? आणि फुलं असताना त्यावर औषध फवारू नका हो, मध पिणाऱ्याच्या पोटात जातं ते.

आपल्या वाड्यांतल्या केळफुलांवरही शिंजीर येतो. केळफूल भाजीसाठी कधी काढावं, हेही सांगायचं होतं, पण समोरून वेळ संपल्याची खूण झाली.

तेव्हा पुन्हा सांगते. खालची फुलं वाळली म्हणजे दांडा संपला नाही. आधी शेंडा बघा. तिथे कळ्या असतील, तर कात्री आत ठेवा.