चौलचे दयागृह

मुरुडहून उत्तरेस समुद्रकाठाने गेले म्हणजे कोर्लईचा किल्ला लागतो आणि कुंडलिकेच्या खाडीपलीकडे रेवदंड्याचा पडका तट दिसतो. श्रोतेहो, पोर्तुगीज अमदानीतील चौल ते हेच. त्या शहरात ‘मिझेरिकॉर्दिया’, म्हणजे दयागृह, या नावाची कॅथलिक धर्मादाय संस्था होती. तिचे मूळ लिस्बनचे. तेथे राणी लिओनोर हिच्या आश्रयाने १४९८ साली ती प्रथम स्थापन झाली.

दया म्हणजे नुसता मनाचा कळवळा नव्हे, ती कृतीने मोजावयाची, असा या बंधुसंघाचा दंडक होता. त्याने चौदा कृत्ये नेमून घेतली होती. सात देहाची, सात आत्म्याची. भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, वाटसरूस आसरा, रुग्णाची शुश्रूषा, बंदिवानाची सोडवणूक आणि मृताचे दफन, ही देहाची सात. मोठ्या ठाण्यांत इस्पितळे चालविणे आणि अनाथ मुलींची लग्ने लावून देणे, हीही कामे ती करी.

परंतु संस्थेस राजाश्रयाचा मोठा आधार होता. १७४० साली चौल मराठ्यांच्या हाती आले आणि तो आश्रय संपला. कोर्लईचे गरीब ख्रिस्ती मात्र जागीच राहिले. त्यांची पोर्तुगीज वळणाची बोली गावात अजूनही ऐकू येते. लिस्बनचे दयागृह आजही चालते, कारण तेथे राज्य पाठीशी राहिले. येथे गरज उरली, आधार गेला.

म्हणून कोणत्याही धर्मादाय संस्थेस एकच प्रश्न विचारावा: आश्रयदाता उद्या निघून गेला, तर हे काम गावातील कोण उचलील?