दगडावरचा ऱ्ह

 

आजचा विषय दिसायला लहान आहे. कळफलकावर जी खूण नाही, ती कागदावर आणायची कशी? रुपयाची खूण, अंशाची खूण, बाण, बरोबरची टिकली, ॐ. मी काही संगणकातला इंजिनिअर नाही. साधा पदवीधर, आयुष्य पायदळात गेलं. आमच्या पलटणीत पहिला संगणक आला तेव्हा त्याच्यावर कापडी झूल घातलेली असायची आणि हेड क्लार्कशिवाय कुणी हात लावायचा नाही. मी शिकलो ते निवृत्तीनंतर, चुका करत. त्यातली एक चूक दगडावर कोरली गेली. ती आधी सांगतो.

मी राहतो मध्य प्रदेशातल्या एका छावणीच्या शहरात. आम्ही काही माजी सैनिकांनी मिळून एक छोटं स्मारक उभं करायचं ठरवलं. शहीद जवानांची नावं आणि गावं, देवनागरीत. यादी मी केली. मराठीत टाइप करायला माझ्याकडे तेव्हा एक जुना फॉन्ट होता, तोच वापरला. माझ्या पडद्यावर सगळं सुरेख दिसत होतं. फाइल ईमेलनं पाठवली. दुसऱ्या दिवशी कोरणाऱ्याच्या दुकानातून फोन, "साहब, इसमें तो सब अंग्रेज़ी का कचरा है." मला वाटलं, त्याच्याच मशीनमध्ये बिघाड. म्हटलं, लिहून घे, मी फोनवर वाचतो. मी वाचलं, त्यानं हिंदीत टाइप केलं, दगडावर कोरलं.

आमच्या एका जवानाच्या आडनावात ऱ्ह होता, आणि गाव कऱ्हाडजवळचं. हिंदीत हा अर्धा, पापणीसारखा र नाहीच. त्यानं आपला नेहमीचा रफार दिला. दगडावर आलं 'कर्हाड', आणि आडनावाचंही तेच झालं. अनावरणाच्या चार दिवस आधी त्याचा धाकटा भाऊ दगड बघायला आला. बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, हे आमचं नाव नाही."

आता कुणी म्हणेल, एका रफारानं काय बिघडतं? मराठीत बिघडतं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरात असतात. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होईल, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण.

त्या रात्री मी शोधत बसलो की माझ्या पडद्यावर बरोबर दिसणारं त्याच्याकडे कचरा का झालं. जे कळलं ते फौजी भाषेत सांगतो. जवानाला एक नंबर असतो. वर्दी बदलेल, पलटण बदलेल, नंबर बदलत नाही. संगणकातल्या अक्षराचंही तसंच. प्रत्येक अक्षराला, प्रत्येक खुणेला एक नंबर आहे. ही जी जगभरची नोंदवही, तिचं नाव युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ सालची. फॉन्ट म्हणजे फक्त वर्दी.

जुने मराठी फॉन्ट काय करायचे? नंबर इंग्रजी अक्षराचा, वर्दी मराठी. आत इंग्रजी अक्षरच बसलेलं, पण अंगावर 'क'चे कपडे. ज्या मशीनवर ती वर्दी नाही तिथं कपडे उतरले की खाली इंग्रजी दिसणारच. बिचाऱ्या दुकानदाराची काही चूक नव्हती.

खुणांच्या फॉन्टचीही हीच गंमत. विंगडिंग्ज नावाचा फॉन्ट तुमच्यापैकी अनेकांच्या मशीनवर असेल. त्यात इंग्रजी मोठा 'जे' दाबला की हसरा चेहरा येतो, 'एल' दाबला की रडका, 'एन' दाबला की कवटी आणि हाडं. कधी ईमेलमध्ये वाक्याच्या शेवटी एकटाच 'जे' पाहिलाय? पाठवणारा हसला होता, तुमच्यापर्यंत येताना चेहरा गळून पडला.

आणि आपला रुपया! १५ जुलै २०१० ला सरकारनं उदय कुमार यांनी आखलेली ₹ ही खूण स्वीकारली. लोकांना इतका उत्साह की नोंदवहीत नंबर मिळण्याआधीच फॉन्ट फिरू लागले. त्यात एस्केपच्या खालचं, तिरक्या टिंबाचं बटण दाबलं की रुपया दिसायचा. नंबर मात्र त्या टिंबाचाच. म्हणून काही छापील बिलांवर रकमेआधी एक उपरं तिरकं टिंब दिसायचं. रुपयाला स्वतःचा नंबर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिळाला. तो आहे दोन-शून्य-बी-नऊ.

आता पडद्यावर बघा. वर्ड उघडलाय. कळफलक इंग्रजीवर ठेवा, हे महत्त्वाचं, मराठी आकडे चालणार नाहीत. टाइप करतो दोन, शून्य, बी, नऊ. लगेच आल्ट धरून एक्स. आला रुपया. आता शून्य-नऊ-पाच-शून्य, आल्ट-एक्स. ॐ. दोन-एक-नऊ-दोन, बाण →. दोन-सात-एक-तीन, बरोबरची टिकली ✓.

एक खाचखळगा आहे. नंबराला लागून आधी दुसरा आकडा असेल तर वर्ड दोन्ही एकत्र वाचतो आणि भलतंच काढतो. म्हणून फक्त नंबर निवडा, मग आल्ट-एक्स.

मला सगळ्यात आवडते ती याची उलटी चाल. कुठल्याही अक्षरामागे कर्सर ठेवा आणि आल्ट-एक्स दाबा, अक्षर आपला नंबर सांगतं. गेटवर ओळखपत्र मागावं तसं. ऱ ला विचारलं तर शून्य-नऊ-तीन-एक. ॲपल, ॲडव्होकेटमधल्या ॲ ला विचारलं तर शून्य-नऊ-सात-दोन. हा ॲ नोंदवहीत २००८ साली आला. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवायचे. दोन्ही दिसतात जवळपास सारखे, पण नंबर वेगळे. म्हणून यादीत 'ॲडव्होकेट' शोधलं तर निम्मे वकील सापडत नाहीत.

नंबर पाठ नसेल तर? खिडकीचं चिन्ह असलेलं बटण आणि आर दाबा, 'चारमॅप' हा शब्द इंग्रजीत टाका. कॅरेक्टर मॅप उघडतो. खाली ॲडव्हान्स्ड व्ह्यूवर टिकली केली की शोधायला जागा मिळते. तिथं इंग्रजीत 'डिग्री' किंवा 'ॲरो' लिहा. खूण निवडा, सिलेक्ट, कॉपी, आणि हवी तिथं चिकटवा. तळाशी तिचा नंबरही दिसतो, तो डायरीत टिपून ठेवा. विंडोज १० किंवा ११ असेल तर खिडकीचं बटण आणि पूर्णविराम. चेहऱ्यांची पेटी उघडते, तिच्यात खुणांचा वेगळा कप्पा आहे. मॅकवाल्यांनी कंट्रोल, कमांड आणि स्पेस. मोबाइलवर गूगलच्या कळफलकात आकड्यांच्या पानावर १ दाबून धरा, ½ आणि ¼ वर येतील.

अंशाची खूण मला नकाशांमुळे सतत लागते. नंबर लॉक चालू ठेवून, आल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांवर ०१७६, की आलं °. ही युक्ती वर्डबाहेरही चालते, पण पुष्कळ लॅपटॉपना ती उजवीकडची पट्टीच नसते. कृपा करून मराठी शून्य बारीक करून वर टांगू नका. ४५ अंशांचे कुणीतरी ४५० करेल, आणि तोफखान्यात हे परवडत नाही.

रुपया रोज लागणाऱ्यांनी 'इंग्लिश (इंडिया)' हा कळफलक लावून घ्यावा. उजवा आल्ट आणि ४, काम झालं.

आणि आता ऱ्ह. विंडोजचा मराठी कळफलक इनस्क्रिप्ट पद्धतीचा आहे. जे वर र आहे, शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ. मग डी म्हणजे पाय मोडायचा, मग यू म्हणजे ह. ऱ, मोडला पाय, ह. ऱ्ह. तीन बटणं. त्या वेळी मला ती माहीत नव्हती.

दगड नव्यानं करावा लागला. ती पाटी घासून भागलं नसतं, कोरीव काम खोल होतं. खर्च मी दिला, तो द्यायलाच हवा होता. या वेळी सगळी यादी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. फाइल दोन तऱ्हांनी पाठवली. एक साधी, आणि एक पीडीएफ, कारण पीडीएफमध्ये वर्दी सोबत बांधून जाते. पाठवण्याआधी स्वतःच्या मोबाइलवर उघडून प्रत्येक नाव वाचलं. मग दुकानात जाऊन बसलो आणि कोरणाऱ्याला कागदावर ऱ्ह काढून दाखवला. तो म्हणाला, "ये तो नया अक्षर है." म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे जुना आहे.

छिन्नी लागण्याआधी खडूनं काढलेल्या नावाचा फोटो त्या भावाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "हो साहेब, हेच."

पुढच्या भागात जुन्या फॉन्टमध्ये अडकलेल्या तुमच्या फायली युनिकोडमध्ये कशा आणायच्या ते बघू. एखादी फाइल काढून ठेवा, आणि मूळ प्रत पुसू नका. जय हिंद.