भाताचा एक घास

ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यांत मासळीबरोबर ताटांत भात आलाच. फेफरें येणाऱ्या मुलाला स्निग्धाहार सुरू केला, म्हणजे आईची कसोटी येथेंच लागते.

उपवासानें फेफऱ्याचे झटके कमी होतात, हें निरीक्षण जुनेंच. पण उपवास किती दिवस करावयाचा? १९२१ सालीं अमेरिकेंतील डॉ. रसेल वाइल्डर यांनीं तोड सुचविली. पिष्ट व साखर जवळजवळ वर्ज्य करून स्निग्ध पदार्थ वाढविले, तर यकृत चरबीपासून कीटोन द्रव्यें तयार करतें आणि मेंदू त्यांवर चालतो. मूळ पद्धतींत स्निग्धाचे चार भाग, तर प्रथिनें व पिष्ट मिळून एकच भाग.

म्हणून नुसता भात टाळून भागत नाहीं. बोंबलाला लावलेलें तांदळाचें पीठ, औषधाच्या पाकांतील साखर, शेजारणीनें मायेनें दिलेला पेढा, यांनीं ही अवस्था कांहीं तासांतच मोडूं शकते आणि झटका परतूं शकतो. बोंबीलही मोजूनच वाढावा. कारण जादा प्रथिनांपासूनही शरीर साखर बनवितें.

हा आहार तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालींच द्यावा; चालू औषधें आपल्या मनानें थांबवूं नयेत. आणि शेजाऱ्यांनीं माया अवश्य करावी, पण त्या मुलाच्या हातावर खाऊ ठेवून नव्हे.