फणीतले केस आणि गळ्यातली ग्रंथी



आजचा विषय तसा घरातला, न्हाणीघरातला आहे. तो रेडिओवर काढावा की नाही, असा थोडा संकोच मलाही वाटला. पण ज्या गोष्टीचा बोलायला संकोच वाटतो, तिच्यापायीच माणसे वर्षे फुकट घालवतात. म्हणून बोलते. विषय आहे बायकांच्या गळणाऱ्या केसांचा. आणि तोही गळ्यातली थायरॉइड ग्रंथी बिघडल्यामुळे जे लांबसडक केस विरळ होतात, त्यांचा.

मी डॉक्टर नाही. शाळेत शिकवणारी बाई आहे. आज सांगणार त्यातले काही मी स्वतः भोगलेले आहे, आणि बाकीचे डॉक्टरांना विचारून, खात्री करून घेतलेले आहे.

आमच्या घरी पत्र्याचा एक लहान डबा आहे. फणीत निघालेले गुंतवळ सासूबाई त्यात टाकीत. गुंतवळ घेऊन सुया-पिना देणारी बाई गावात येई, तिला ते द्यायचे. घरात आम्ही तीन बायका, तरी तो डबा भरायला वर्ष लागे. एका वर्षी दिवाळीत तो रिकामा केला, आणि संक्रांतीला पाहावे तर काठोकाठ भरलेला. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, हे सगळे केस तुझेच आहेत गं!"

माझी वेणी तेव्हा कमरेपर्यंत होती. मनगटाएवढी जाड वेणी, ती करंगळीएवढी झाली. मग उपाय सुरू झाले. माका झाला, जास्वंद झाली, कांद्याचा रस झाला. नजर उतरवून झाली. मोबाईलवर जाहिरात पाहून मुलाने महागाचे तेल मागवले, तेही झाले. लग्नकार्यात गंगावन लावून वेळ मारून नेली. केस गळतील या भीतीने मी फणी लावायचीच टाळू लागले. असे दीड वर्ष गेले.

एकदा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई शाळेत मुलांची तपासणी करायला आल्या. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिले आणि विचारले, "बाई, वैशाखात स्वेटर?" मी म्हटले, "हल्ली थंडी फार वाजते." त्यांनी आणखी विचारले. दमायला होतं का? वजन वाढलं का? पोट साफ होतं का? पाळी जास्त जाते का? आवाज कधीपासून घोगरा झाला? मग माझ्या भुवयांकडे बोट करून म्हणाल्या, "ही बाहेरची टोकं विरळ झालीत, पाहिलंत का? तुम्ही आधी रक्त तपासून घ्या. केसांचं मग बघू."

मंडळी, दीड वर्ष आम्ही सारे माझ्या डोक्याकडे पाहत होतो. दुखणे होते गळ्यात.

आता ही ग्रंथी काय करते ते पाहू. गळ्याच्या पुढच्या बाजूला, घाटीच्या खाली, फुलपाखराने पंख पसरावेत अशा आकाराची ही ग्रंथी असते. मराठी शास्त्रग्रंथांत तिला अवटु ग्रंथी म्हणतात. अन्नातले आयोडीन घेऊन ती संप्रेरके, म्हणजे एक प्रकारचे रस, तयार करून रक्तात सोडते. सबंध शरीराच्या कामाचा वेग त्या रसावर ठरतो. रस कमी पडला की सगळेच मंदावते: हृदय मंद, आतडी मंद, कातडी कोरडी, मनही सुस्त. रस जास्त झाला की उलट: छाती धडधडते, हात कापतात, उकडते, भूक असून वजन उतरते. आणि लक्षात ठेवा, केस दोन्हींत गळतात. कमी रसात ते कोरडे, राठ होऊन गळतात; जास्त रसात बारीक, मऊ होऊन गळतात.

केसच का गळतात? आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. बाजरीचे शेत एकदम कापणीला येते, तसे केसांचे नाही. प्रत्येक केसाचे वेळापत्रक वेगळे. तो दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा येतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस जाणे हे नेहमीचेच, त्याची काळजी नको. थायरॉइडचा रस बिघडला की पुष्कळसे केस एकाच वेळी विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मिळून गळू लागतात. मूळ मेलेले नसते, ते थांबलेले असते. म्हणूनच दुखणे दुरुस्त झाले की हे केस बहुधा परत येतात. धीर धरायचा तो एवढ्यासाठी.

तपासणी साधी आहे. हातातून थोडे रक्त घेतात आणि टीएसएच नावाचा आकडा पाहतात. हा आकडा वाढला म्हणजे थायरॉइड वाढले, असा पुष्कळांचा गैरसमज होतो. खरे उलटे आहे. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची ग्रंथी आहे, ती म्हणजे मुकादम. कामगार काम करीनासा झाला की मुकादम जास्त ओरडतो. टीएसएच ही त्या मुकादमाची हाक आहे. हाक मोठी, म्हणजे कामगार मंद. डॉक्टर गरजेप्रमाणे आणखीही तपासण्या सांगतात. एक सूचना: केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत बायोटिन नावाचे जीवनसत्त्व असते. त्याने या तपासणीचे आकडे चुकू शकतात. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. साधारण दोन दिवस आधी ती थांबवायला सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, "आम्ही तर आयोडीनचं मीठ खातो, मग हे दुखणं आलं कुठून?" प्रश्न बरोबर आहे. आपल्या देशात गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, आणि २००६ पासून खाण्याचे मीठ आयोडीनयुक्तच विकण्याचा नियम देशभर आहे. त्या मिठाने गलगंड पुष्कळ आटोक्यात आला, तेव्हा ते सोडू नका. डबा झाकून ठेवा. पण आज थायरॉइड मंदावण्याचे नेहमीचे कारण वेगळे आहे. शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून या ग्रंथीवर उलटते. राखणदार कुत्र्याने घरच्याच माणसाला चावावे, तसे. १९१२ साली हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव त्याला आहे. यात बाईचा काही दोष नाही. तिने काही कमी खाल्ले नाही, की देवाचे काही चुकवले नाही.

रस कमी असेल तर डॉक्टर थायरॉक्सिनची गोळी देतात. "जन्मभर गोळी" म्हटले की घरात रडारड होते. माझ्या घरीही झाली. त्यांना मी एक हकीकत सांगितली. १८९१ साली इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा रस काढून अशाच एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती बाई पुढे २८ वर्षे जगली. आज मेंढीची गरज नाही. तोच रस कारखान्यात शुद्ध तयार होतो. ही गोळी म्हणजे शरीरात जे कमी पडले ते भरून काढणे आहे. विहिरीला पाणी कमी पडले तर आपण बाहेरून आणतोच की!

मात्र गोळी घेण्याची रीत आहे, आणि तिथेच मी चुकले. मी ती सकाळच्या चहाबरोबर घेई, आणि जोडीला रक्तवाढीची लोहाची गोळीही. दोन महिन्यांनी आकडा होता तिथेच. डॉक्टरांनी रीत विचारली आणि डोक्याला हात लावला. ही गोळी सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर निदान अर्धा ते एक तास चहा नाही, खाणे नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तासांचे अंतर ठेवायचे. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून गोळी कमी-जास्त करतात. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. दिवस राहिले तर मुळीच बंद करू नये; लगेच डॉक्टरांना कळवावे, कारण त्या काळात शरीराला हा रस जास्त लागतो. आणि उलटही सांगते: शेजारणीला गुण आला म्हणून तपासणीशिवाय ही गोळी कोणी घेऊ नये. जादा झाली तर छाती धडधडते, हाडे ठिसूळ होतात, आणि केस गळतात ते निराळेच.

शिवाय प्रत्येक गळणारा केस थायरॉइडचाच नसतो. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी, किंवा मोठ्या तापानंतर केस जातात आणि आपोआप परत येतात. चाई पडते ती गोल चकतीसारखी. तिची गोष्ट वेगळी. आणि रक्त कमी असणे हे तर आपल्याकडे घरोघरी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत ५७ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणून थायरॉइडबरोबर हिमोग्लोबिनही तपासा. ताटात डाळ, उसळ, पालेभाजी, अळीव आणि वर लिंबाची फोड असू द्या. चालत असेल त्यांनी अंडी-मासे खावेत. जेवल्याबरोबर चहा पिऊ नये. त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही.

औषध लागू पडेपर्यंत केस कसे सांभाळायचे? पहिली गोष्ट, फणी सोडू नका. राठ केस न विंचरता ठेवले की गुंता होतो, गुंत्याची जट होते, आणि जट म्हणजे देवीचे बोलावणे असे सांगणारेही भेटतात. ते बोलावणे नसते, तो न सोडवलेला गुंता असतो. मोठ्या दातांची फणी घ्या, केस खाली टोकाशी धरून आधी टोके सोडवा, मग वर या. ओले केस विंचरू नका, पंच्याने झटकू नका. वेणी सैल घाला. घट्ट अंबाडा, जड गंगावन यांनी मुळाला ताण बसतो. तेल लावा, त्याने कोरडेपणा जातो आणि केस तुटायचे वाचतात. पण तेलाने थायरॉइड बरे होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि आता लांबीबद्दल. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो; वर्षाला वीतभरसुद्धा नाही. कमरेपर्यंतचा केस ही पाच-सहा वर्षांची कमाई असते. म्हणून आकडा सुधारला तरी वेणी लगेच भरत नाही. वर दाट आणि खाली उंदराची शेपटी, असे बरेच दिवस दिसते. चौथ्या महिन्यात मी केस खांद्यापर्यंत कापले. सासूबाई म्हणाल्या, "सवाष्णीनं केस कापायचे नसतात." दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तेलाची वाटी घेऊन हाक मारली. पुढे महिना-दोन महिन्यांनी असेच तेल लावताना म्हणाल्या, "अगं, कपाळाशी कोवळे केस आलेत. बाळाच्या जावळासारखे!" असे आखूड, उभे राहणारे केस दिसले की समजावे, मुळे जागी झाली. वर्षभर आकडा नीट असूनही केस येत नसतील, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे. दुसरे कारण असू शकते.

शेवटी शिक्षकमंडळींना एक विनंती. वर्गातली एखादी मुलगी एकाएकी सुस्त झाली, अभ्यासात मागे पडली, तिची उंची वाढायची थांबली, गळा फुगलेला दिसला, केस विरळ झाले, तर तिला आळशी म्हणू नका. "शेपटी कुठं गेली?" असे इतर मुलांना विचारू देऊ नका. आईला बोलावून आरोग्य केंद्राची वाट दाखवा. आणि फिती लावून ताणलेल्या दोन वेण्यांचा आग्रह अशा मुलीपुरता तरी सोडा.

घरच्या पुरुषांनाही सांगते. बायकोचे केस गळतात ही चैनीची तक्रार नाही. कधी कधी आतल्या दुखण्याची ती पहिली वर्दी असते. तेलाच्या बाटलीला पैसे देता, त्याआधी एका रक्ततपासणीला द्या.

तो पत्र्याचा डबा आमच्या घरी अजून आहे. आता तो वर्षभरात अर्धाही भरत नाही. माझी वेणी कमरेपर्यंत काही पुन्हा गेली नाही. खांद्याखाली वीतभर आहे. पण वैशाखात मी स्वेटर घालत नाही, आणि शाळेचा जिना एका दमात चढते. ज्यांचे डबे लवकर भरू लागले असतील त्यांनी माझ्यासारखे दीड वर्ष घालवू नये, एवढ्यासाठी हे बोलले.